बाळाचे कपडे

१

आमच्या गावात चोऱ्या होतात, नाही असं नाही. मोबाईल जातात, चपला जातात, एकदा एका इटालियन म्हाताऱ्याची कवळी गेली होती. पण कपडे चोरीला गेल्याचं मी मेक्सिकोच्या या सिपोलितेत चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. जिथं वाळूवर जो तो आईच्या पोटातून आला तसा हिंडतो, तिथं कपडे चोरून चोर घालणार कुठं?

म्हणून त्या सकाळी कुणीतरी माझी झोपायची दोरीची झोळी हलवत "कपडे गेले, क्रिस्पिनाकाकू, कपडे गेले!" म्हणालं, तेव्हा हेही स्वप्नातच चाललंय असं समजून मी कूस बदलली. स्वप्न तसलंच होतं. अख्खा समुद्र माझ्या दोरीवर वाळत पडला होता आणि मी त्याला चिमटे लावत होते. चाळीस वर्षं लोकांचं धुणं धुतलं की माणसाला दुसरी स्वप्नं पडत नाहीत.

"अहो काकू, उठा ना!"

यारेत्सी होती. गल्लीतल्या ओदिलियाकडं भाड्यानं उतरलेली राजधानीची पोर, रात्रभराच्या बसनं एका पाठपिशवीनिशी आलेली. नागड्या गावी सुट्टीवर आलं की सामान लागत नाही, स्वस्तात भागतं, असं ती पहिल्याच दिवशी मला म्हणाली होती. हे आपण एका धोबिणीला ऐकवतोय, एवढंसुद्धा या पोरींच्या ध्यानात येत नाही.

"कुणाचे कपडे?" मी डोळे न उघडताच विचारलं.

"बाळाचे!"

आता मात्र मला हसू फुटलं. आमच्यात बाळ म्हणतात ते एर्मिनियोला. आईचं शेंडेफळ म्हणून बाळ, तो अडुसष्टाव्या वर्षीही बाळच. दिवसभर किनाऱ्यावर बसतो, समुद्राच्या ओढीत सापडलेल्यांना बाहेर काढतो, आणि एकोणीस वर्षांत त्याच्या अंगावर कुणी चिंधी पाहिलेली नाही. "पँटीतून पाय काढेपर्यंत बुडणारा बुडून जातो," असं त्याचं म्हणणं. त्याचे कपडे चोरणारा म्हणजे धन्यच म्हणायचा.

"तो बाळ नाही हो! देवाचा बाळ, फळीवरचा. ओदिलियाकाकू रडून रडून अर्ध्या झाल्यात."

माझी झोप खाडकन उडाली. तो दिवस कांदेलारियाचा होता, दोन फेब्रुवारी. त्या दिवशी घरोघरचे बाळ येशू नवे कपडे घालून चर्चला जातात. मी अंगावर झगा ओढला आणि तशीच निघाले. दारातून बाहेर पडताना खुंट्यांना लटकलेल्या पिशव्यांपैकी एक माझ्या कपाळावर आपटली. पाहुणे वेळी-अवेळी धुणं अडकवून जातात. सणाला मशीन बंद, असं दारावर लिहून ठेवलंय, पण वाचतो कोण!

२

गल्लीत लाटांचं बाष्प भरून राहिलं होतं. कुठंतरी धूप जळत होता, घराघरातून केळीच्या पानात उकडणाऱ्या मक्याच्या तमाल्यांचा वास येत होता, आणि त्या पांढऱ्या धुरकटात यारेत्सी माझ्या पुढं पुढं चाललेली. पुढून फडकं गुंडाळलेलं, पाठ उघडी. त्या पाठीवर झोळीच्या दोऱ्यांची अख्खी नक्षी उठली होती, मानेपासून कमरेपर्यंत चौकटीच चौकटी. मला अजून झोपेतच चालल्यासारखं वाटत होतं, म्हणून मी ती नक्षी बघत बघत तिच्या मागून गेले.

ओदिलियाचं घर म्हणजे पाल्याच्या छपराखाली अकरा झोळ्या, एक विहीर, बादलीनं अंघोळ आणि जेवायची पडवी. याहून स्वस्तात झोपायचं तर मग वाळूच. पडवीच्या खांबावर पाटी आहे: 'कपड्यांशिवाय जेवण मिळणार नाही'. त्या पाटीखालच्या फळीवर बाळ येशू उताणा पडला होता. लाकडाचा, वीतभर, काचेच्या डोळ्यांचा, आणि अंगावर सूतसुद्धा नाही.

ओदिलिया जमिनीवरच बसली होती. बासष्ट वर्षांची धिप्पाड बाई, वादळात छप्पर उडालं तेव्हा डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं तिनं.

"झगा गेला, टोपडं गेलं," ती म्हणाली. "महिनाभर डोळे फोडून शिवलं होतं. काल संध्याकाळी माझ्या हातानं घातलं. आता बारा वाजता चर्चमध्ये मिस्सा, त्याआधी ताई येणार. काय दाखवू तिला?"

ताई म्हणजे फेलिसितास, तिची थोरली बहीण, राहते वर पोचुतलाला. बारा वर्षांपूर्वी आई गेली, आणि त्याच वर्षी ओदिलियानं पोटासाठी उघड्यावाघड्या परदेशी लोकांना झोळ्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. फेलिसितास आली, फळीवरचा बाळ उचलला आणि म्हणाली, "आईचा देव नागड्यांच्या घरात राहणार नाही." त्यानंतर शब्द नाही, सणाला निरोप नाही. आणि या जानेवारीत अचानक तिचा फोन. "यंदा बाळाला कपडे तू कर. त्याला चर्चला नेणारी धर्मआई तू हो." काल ती स्वतः येऊन बाळ ठेवून गेली. घराच्या आत नाही आली, उंबऱ्यावरूनच दिला, पण दिला.

"ती म्हणेल, एका रात्रीत माझ्या देवालाही नागडा केलास. लोक हसतील. ती पुन्हा बारा वर्षं बोलायची नाही," ओदिलिया म्हणाली. "क्रिस्पिना, आमची वयं बघ. आहेत का गं अजून बारा वर्षं आमच्याजवळ?"

मी फळीपाशी गेले. बाळाकडं बघत राहिले. त्याच्याखाली कुणीतरी स्वच्छ पंचाची घडी घातली होती. शेजारी बशीत चार टाचण्या, झग्याला लावलेल्या. आणि पायात चांदीच्या वाहाणा होत्या तशाच, खऱ्या चांदीच्या, आईच्या वेळच्या.

"चोर चांदी सोडून सूत नेतो होय गं?" मी म्हणाले. "आणि टाचण्या बशीत ठेवतो, बाळाला टोचू नये म्हणून?"

"तू कोडी घालत बस! रात्री घरात तीनच माणसं होती. बाकीचे शेजारच्या गावी गाणं-बजावणं ऐकायला गेलेत. ही यारेत्सी, तो जर्मन म्हातारा, आणि एलोदिया. एलोदिया पहाटे तिच्या गावाला गेली."

एलोदिया म्हणजे तिची स्वयंपाकीण. महिन्याभरापूर्वीच कामाला लागलेली, डोंगरातल्या खेड्यातली, अबोल.

"मी शिवून देऊ का दुसरा झगा?" यारेत्सी हळूच म्हणाली. "छोटासा तर आहे. माझ्याकडं लेससुद्धा आहे." आणि तिनं पाठपिशवीतून हातभर पांढरी लेस काढली.

ओदिलिया ताडकन उठली. "ही लेस! अगं, ही तर माझ्या झग्याची लेस!"

३

यारेत्सीचा चेहरा पांढराफटक पडला. "मी बाजारात घेतली, काकू. शप्पथ."

"दे इकडं," मी म्हणाले आणि लेस दोन बोटांत चोळली. कुरकुर वाजली. "ओदिलिया, तुझी लेस सुताची, तू हातानं विणलेलीस. ही नायलॉन. इस्त्री टेकवलीस तर तव्यावरच्या चीजसारखी पसरेल. आणि या पोरीवर आळ घेण्याआधी तिची पाठ बघ."

"पाठीचं काय?"

"तुझ्याच झोळीचा छाप उठलाय. असा खोल छाप उठायला रात्रभर पडून राहावं लागतं, आणि उठलं की अर्ध्या तासात जातो. ती मला बोलवायला आली तेव्हा कमरेपर्यंत होता. पहाटे उठून हिनं काही केलं असतं, तर आता पाठ कोरी असती. तुझी हाक ऐकूनच ही उठली."

यारेत्सी मान वळवून वळवून स्वतःची पाठ बघायला लागली. छाप आता पुसट झाला होता, खांद्याजवळ दोन-चार चौकटी राहिलेल्या. ओदिलिया ओशाळली, पण कबूल करणाऱ्यांतली नाही ती. "मग राहिला तो म्हातारा," ती म्हणाली. "परवाच म्हणत होता, एवढ्या उन्हात बाळाला उकडत असेल."

हार्टविग विहिरीमागच्या सावलीत बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, हाडकुळा, अंगावर फक्त चष्मा. सतरा हिवाळे येतोय. स्वतःचा चमचा घेऊन येतो, एक त्लायुदा, म्हणजे आमची परातीएवढी भाकरी, दोन वेळा पुरवून खातो आणि बदल्यात ओदिलियाचा पाण्याचा पंप दुरुस्त करून देतो. कुठंही बसताना आधी स्वतःचा टॉवेल अंथरतो. असा नेमाचा माणूस आमच्या चर्चमध्ये एक नाही.

"हार्टविगदादा, खरं सांगा. बाळाला मोकळं केलंत का तुम्ही?"

त्यानं चष्मा काढला. दुखावला होता. "क्रिस्पिनाबाई, मी लहानपणापासून असा राहतो. पण माझ्या आईनं शिकवलंय, स्वतःचे कपडे काढावेत, दुसऱ्याचे त्याला विचारल्याशिवाय नाही. बाळाला कुणी विचारलं होतं?"

"नाही."

"मग मी कसा काढेन?"

"पहाटे काही दिसलं?"

"पाच वाजता मी समुद्रावर निघालो, तेव्हा एलोदिया जात होती. टोपलीत तिच्या घरचा बाळ येशू, हातात कापडी पिशवी. मला गुड मॉर्निंग म्हणाली. मग स्वतःशीच काहीतरी पुटपुटत गेली."

"काय पुटपुटत?"

"तुमची भाषा मला आता येते, पण भरभर बोललं की येत नाही. असं काहीतरी. काल म्हणे घाला, आज म्हणे काढा. मोठ्या लोकांच्या लहरी. मला वाटलं, आम्हा पाहुण्यांनाच शिव्या देतेय."

"पिशवी!" ओदिलिया ओरडली. "बघ, मी म्हणत नव्हते? घेऊन पळाली! तिच्या गावच्या बाळाला माझा झगा घातला असेल आता. आणि मी तिला एक साधं काम सांगितलं होतं जाता जाता, तेवढंही केलं नाही सटवीनं!"

"कुठलं काम?"

ओदिलियानं तोंड उघडलं आणि मिटलं. "काही नाही. असंच, घरातलं."

चाळीस वर्षं मी हिला ओळखते. हिच्या घरातलं सगळं काम ही गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते. मी विचारणार, एवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं ऐकलं, "हो ताई, हो," म्हणाली आणि फोन ठेवला.

"लवकरची गाडी मिळाली तिला. अकराला नाही, साडेदहालाच पोचतेय," ती म्हणाली. "मी पोलिसांत जाते. एलोदियाला गाडीतून उतरवून आणायला सांगते, सगळ्या गावासमोर."

४

मी तिला दंडाला धरून खाली बसवलं. "एकदा नाव गेलं की त्या बाईला कुठल्या किनाऱ्यावर काम मिळायचं नाही. आधी घर तर नीट शोध."

शोधलं. चूल, फडताळ, तांदळाचा डबा, झोळ्यांच्या घड्या. मागच्या पडवीत ओदिलियाची पेटी होती. मी झाकण उचलायला गेले तर ती आडवी आली. "तिथं नाहीये."

"असली तर?"

"नाहीये म्हणते ना!"

पण झाकण तोवर उघडलं होतं. वरच पुरुषाचा पांढरा सदरा आणि काळी पँट. डांबरगोळ्यांचा वास भपकन नाकात गेला. घड्यांच्या रेघा पिवळ्या पडलेल्या, सुरीनं आखल्यासारख्या. अशा रेघा पंधरा-वीस वर्षं न उलगडलेल्या कापडालाच पडतात, हे मला कुणी शिकवायला नको. ओदिलियाचा नवरा तर तिशीतच अमेरिकेला गेला तो गेलाच, आणि तो बुटका होता. ही पँट चांगल्या उंच माणसाची.

ओदिलियानं झाकण आदळलं. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं नाही.

एवढ्यात पडवीच्या पायरीशी बाळ येऊन उभा राहिला, म्हणजे आपला एर्मिनियो. नुकताच पाण्यातून आलेला, दाढीतून थेंब गळतायत. पाटीचा मान राखून तो आत कधी येत नाही. ओदिलिया त्याला गूळ-दालचिनीची कॉफी कठड्यावरून देते. आजही दिली, पण मान वर न करता.

"झालं का गं माझं?" त्यानं विचारलं.

"नंतर," ती म्हणाली. "जा आता."

तो जरा घुटमळला. भल्या मोठ्या लाटेत शिरताना न घाबरणारा माणूस, पण कॉफी न पिताच कप कठड्यावर ठेवला त्यानं. मग मुकाट्यानं गेला.

साडेनऊ झाले होते. ऊन चढलं होतं, पाल्यातून गळून जमिनीवर पैशा-पैशाएवढं पडलं होतं, आणि समुद्राचा आवाज कुठूनतरी फार लांबून यावा तसा येत होता. मला विचार करायचा असला की मी पडते. एका रिकाम्या झोळीत शिरले, पाय वर घेतले आणि डोळे मिटले. ओदिलिया "झोपतेस काय!" म्हणून करवादली, पण तिचा आवाजही लांब गेला. झोळी हलत होती. डोळ्यांपुढं चांदीच्या वाहाणा तरंगत आल्या. वाहाणा नाहीत नेल्या. टाचण्या नाहीत नेल्या. झगा नेला, टोपडं नेलं. कापड तेवढं नेलं. काल म्हणे घाला, आज म्हणे काढा. म्हणे. कोण म्हणे?

मी झोळीतून जवळजवळ खालीच पडले.

"ओदिलिया! एलोदियाला नेमकं काय म्हणालीस काल? शब्दन् शब्द सांग."

५

ती सांगेना. चार वेळा एप्रनच्या नाडीशी चाळा केला. शेवटी मी म्हणाले, "बरं, मीच सांगते. चूक असली तर अडव."

यारेत्सी आणि हार्टविग जवळ आले. म्हाताऱ्यानं टॉवेल अंथरला आणि बसला.

"टाचण्या बशीत ठेवल्या, बाळाखाली पंचा घातला. म्हणजे ज्यानं कपडे काढले त्याला बाळाची काळजी होती. चांदी सोडून कापड नेलं, म्हणजे विकायला नव्हतं नेलं. कापड माणूस आणखी कुठं नेतो? माझ्याकडं नेतो. धुवायला, नाहीतर इस्त्रीला. नवा झगा धुवायचा कशाला? म्हणजे इस्त्रीला. आणि एलोदिया स्वतःच्या मनानं नाही नेणार, ती तर कुरकुरत होती. काल म्हणे घाला, आज म्हणे काढा. तिला तसं सांगणारी या घरात एकच बाई आहे."

"मी?" ओदिलिया म्हणाली. "मी कशाला सांगेन? मी तर तिला म्हणाले..." आणि थांबली.

"म्हणालीस, बाळाचे कपडे काढ आणि क्रिस्पिनाकडं इस्त्रीला टाकून जा."

ओदिलियाचा हात तोंडावर गेला.

"तुझ्या मनात पेटी होती," मी म्हणाले. "पेटीतून काढ, असं म्हणायचं होतं तुला. पण पेटी हा शब्द तू गिळलास, कारण पेटीत एका बाप्याचे कपडे आहेत हे तुला मोठ्यानं बोलायचं नव्हतं. एलोदिया नवी. तिनं बाळाला रोज किनाऱ्यावर बघितलंय. त्याला कपडे असतील हे तिच्या स्वप्नातही नाही. अगं, सकाळी मलाही हसूच आलं होतं! मग कपडे असलेला बाळ घरात उरला कुठला? फळीवरचा. तिनं त्याचे काढले आणि अगदी सांगितल्याप्रमाणं केलं बिचारीनं."

"मग झगा कुठंय?" यारेत्सीनं विचारलं.

मी कपाळाला हात लावला. तिथं सकाळचं टेंगूळ अजून ठणकत होतं. "काखेत कळसा नि गावाला वळसा! माझ्या दारात आहे, खुंटीवर. सकाळी मला धडकून सांगत होता, आणि मी त्यालाच शिव्या घातल्या."

यारेत्सी पळाली ती पाच मिनिटांत कापडी पिशवी छातीशी धरून आली. झगा होता, टोपडं होतं. टोपड्याच्या नाड्या एलोदियानं चुरगळू नयेत म्हणून केळीच्या पानात गुंडाळल्या होत्या. ओदिलियानं ते पान बघितलं आणि मघापेक्षा जास्त रडली. "मी तिला सटवी म्हणाले गं. आली की पहिले तिचे पाय धरीन."

"धर. आणि आता उरलेलं सांग."

तिनं डोळे पुसले. सांगायला फार नव्हतं. तीन वर्षं एर्मिनियो कठड्याबाहेर उभा राहून कॉफी पितोय. तीन वर्षं ती रोज आधी त्याची कॉफी ठेवते, मग पाहुण्यांची. धर्मआईच्या जोडीला धर्मबाप लागतो, आणि ती त्याला म्हणाली, तू होशील का? तो दोन दिवस बोलला नाही. मग भावाच्या घरी पडून असलेले आपले हे जुने कपडे घेऊन आला.

"पण आता नाही," ओदिलिया म्हणाली. "बारा वर्षांनी ताई दारात येतेय. तिच्यापुढं किनाऱ्यावरचा नागडा उभा केला तर ती बाळ उचलून परत जाईल. मला दोघांतलं एकच मिळणार असेल तर बहीण मिळू दे. त्याला सांग, यंदा नको."

"तूच सांग."

"माझ्यानं नाही व्हायचं."

सणाला इस्त्री तापवायची नाही, हा माझ्या आईचा नेम. तो मी त्या दिवशी मोडला. आधी झगा केला, मग टोपडं. मग पेटीतला सदरा आणि पँटही केली, ओदिलियाला न विचारता. पिवळ्या रेघा काही जाईनात. पाणी मारून, दाबून, जेवढ्या गेल्या तेवढ्या घालवल्या आणि कपडे किनाऱ्यावर नेऊन एर्मिनियोच्या शेजारी ठेवले.

"ती नको म्हणतेय," मी म्हणाले. खोटं का बोला? "पण मला इस्त्री करायला कुणी नको म्हणालं नव्हतं. आता तुझं तू बघ."

६

फेलिसितास साडेदहाला उतरली. काळी शाल, हातात तमाल्यांची टोपली. ओदिलिया नटलेल्या बाळाला हातांवर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी होती. थोरलीनं झग्याची शिवण बघितली, लेस उलटी करून बघितली. "आईचा टाका आहे," एवढंच म्हणाली आणि चालायला लागली. तेवढ्यावर ओदिलियाचे पाय जमिनीला लागेनात.

बाराला चर्चच्या अंगणात पन्नासेक बाळ जमले होते. कुणी राजाच्या पोशाखात, कुणी डॉक्टरच्या, एक तर फुटबॉलच्या जर्सीत. हार्टविग चक्क पायजमा घालून आला होता, आणि सारखा मांड्या खाजवत होता. दारात पाद्रीबाबा नावं विचारून, वहीत लिहून एकेकाला आत घेत होते.

"धर्मआई?"

"ओदिलिया," ती म्हणाली.

"आणि धर्मबाप?"

ती बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. मागून गर्दी जरा हलली. एक उंच म्हातारा पुढं आला. ओले केस चापून बसवलेले, पांढरा सदरा, काळी पँट घोट्याच्या वर राहिलेली. मी सांगते, गावातल्या निम्म्या लोकांनी त्याला ओळखलं नाही. ज्याला रोज उघडा बघितला तो कपड्यांत परका वाटत होता. मग एका पोरीनं ओळखलं, "अगं, हा तर आपला बाळ!" म्हणून फिसकन हसली, आणि ते हसू अंगणभर पसरत गेलं.

"एर्मिनियो," तो पाद्रीबाबांना म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

ओदिलिया दगड होऊन उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही, बहिणीकडंच बघत होती. फेलिसितासनं त्याला पायांपासून वर बघायला सुरुवात केली. पँट, कंबर, सदरा. सदऱ्यापाशी तिची नजर थांबली. मग धाकटीच्या तोंडाकडं बघितलं, बराच वेळ. हसू थांबलं होतं. तिनं टोपली माझ्या हातात दिली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता देते ठेवून.

तिनं त्याच्या गळ्याशी हात घातला आणि वरचं बटण काढलं. मग दुसरं, मग तिसरं. पोचुतलाची फेलिसितास, चर्चच्या दारात, पाद्रीबाबांच्या समोर, एका पुरुषाच्या सदऱ्याची बटणं काढत होती. एकोणीस वर्षांत बटणं लावायचं विसरला होता तो. एक घर चुकवून सगळी वरखाली लावली होती, एक टोक पोटावर, एक मांडीवर. तिनं शेवटचंही काढलं, दोन्ही टोकं जुळवली, आणि खालून एकेक करत सगळी पुन्हा लावली. तो श्वास धरून उभा होता.

"दोन दोन बाळं सजवायची होती तुला," ती धाकटीला म्हणाली, मागं न बघता, "तर मला आधी बोलवायचं नाही होय गं? एकटीला कसं जमणार होतं?"

मग तिनं त्याची कॉलर सारखी केली आणि पाद्रीबाबांना म्हणाली, लिहा नाव.